कळंबच्या माळावरची वावडी

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणतो. नागपंचमीला माळावर चढवलेल्या आमच्या वावडीचा दोर त्यांनी कापला आणि तो आपोआप तुटला असं सगळ्यांना सांगितलं. त्या वावडीवर आमची बोली झाली होती. ती दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत आभाळात राहिली असती, तर तात्यांचा माळ आणखी एक वर्ष जसाच्या तसा राहणार होता. ती राहिली नाही, आणि आता तिथं माळही नाही.

मी बारामतीत डाळिंबाचा व्यापार करतो. समोरचा माणूस बोलतोय काय आणि त्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यावर माझं घर चाललंय. माझा आवाज लवकर चढतो, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की यानं रागाच्या भरात लिहिलं. रागात तर मी आहेच.

कळंब मागं टाकून ऊस संपतो तिथून वर चढत गेलं की तो माळ लागायचा. खाली कॅनॉलचं पाणी, दाट ऊस, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं गाणं. चढ चढता चढता हे सगळं एकेक करून मागं राहायचं. शेवटी फक्त वारा उरायचा. वर घर नव्हतं, विजेचा खांब नव्हता, बांधसुद्धा नव्हता. गुडघ्याएवढं कुसळी गवत, मधे मधे काळे दगड आणि पूर्वेकडं कललेली एकच बाभूळ. श्रावणात आमच्याकडं पाऊस कमी आणि वारा फार. तो वारा गवतावरून असा वाहायचा की एका जागी उभं राहून बघत बसलं तर वाटायचं, गवत थांबलंय आणि आपणच सरकतोय. ढगांच्या सावल्या माळावरून चालत यायच्या, अंगावरून जायच्या आणि खालच्या उसात उतरायच्या. लांब क्षितिजाला साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं. त्या दिवसांत गाळप बंद असतं, म्हणून धूर नसायचा. कुणीतरी काडी रोवून विसरून गेल्यासारखं ते दिसायचं. कधी हरणं यायची. आम्हाला बघून पळायची नाहीत. मान वर करून उभी राहायची आणि मग चरायला लागायची.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला बायकोला माहेरी सोडायला मी कळंबला गेलो होतो. तेव्हा मी बाजारात हमाल होतो. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, आणि सासरवाडी बागायतदार. वाईट कुणी वागत नव्हतं, पण बाजेवर कुठं बसावं, चहाची बशी कुठं ठेवावी, हे मला समजत नव्हतं. मी कडेला बसून होतो. तात्या बाहेरून आले. त्यांच्या डोक्यावर माणसापेक्षा उंच असं काहीतरी आडवं धरलेलं होतं.

"दाजी, बसलाय काय पूजंला बसल्यागत. चला माळाला," ते म्हणाले.

ती वावडी. वावडी हा पतंगच, पण एका माणसाला न आवरणारा. बांबूच्या कामट्यांचा चौकोनी सांगाडा, त्यावर खळीनं चिकटवलेला जाड कागद आणि खाली जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची लांबलचक शेपटी. पुढच्या बाजूला दोऱ्या एकत्र आणून जी बांधणी करतात तिला मंगळसूत्र म्हणतात. ते थोडं जरी तिरकं झालं तरी वावडी गिरक्या खात जमिनीवर आपटते. वरच्या कामटीला धनुष्यासारखी ताणून एक फीत बांधलेली असते. वारा लागला की ती फीत घुमायला लागते.

त्या दिवशी तात्यांनी वावडी धरली, मला दोर दिला आणि हाताला गोणपाट गुंडाळायला सांगितलं. वावडी उठली आणि पुढच्याच क्षणी मी दगडांवरून फरफटत निघालो. तात्या मागून ओरडले, "सोडू नका. हमाली करता न्हवं? मग दावा की ताकद."

मला राग आला. त्या रागानंच मी टाचा रोवल्या. दोर हातातून थरथरत होता, वर ती चढत होती, आणि मी कुणाचा जावई आहे, कुणाचं ओझं वाहतो, हे त्या वेळी कुणी विचारत नव्हतं. वारा विचारत नव्हता आणि तात्याही विचारत नव्हते. संध्याकाळपर्यंत मी दोर सोडला नाही. उतरताना तात्या म्हणाले, "पुढल्या पंचमीला कागद तुमी आणायचा." घरी आल्यावर मी बाजेच्या मधोमध बसलो.

तेव्हापासून दर पंचमीला मी माळावर गेलोच. हमालाचा अडत्या झालो, अडत्याचा व्यापारी झालो, गाडी घेतली, तरी गेलो. कागद माझ्याकडून असायचा, डाळिंबाच्या बॉक्समध्ये घालतात तो तपकिरी कागद. घुमायची फीतही मीच न्यायचो. बॉक्स बांधायची पिवळी पट्टी असते, ती अगदी पातळ चिरून घेतली की तिचा आवाज लांब जातो. कामट्या तात्यांच्या. शेपटीसाठी जुन्या साड्या बायको द्यायची, आणि देताना बोलायची. "दोन बापय गडी आन् एक पतंग. बाजारात कळलं तर लोकं तुमाला डाळिंबं इकायचं बंद करतील."

वावडी चढून स्थिर झाली की दोर बाभळीच्या बुंध्याला बांधायचा आणि खाली गवतात आडवं व्हायचं. एवढंच काम. ज्यानं हे केलं नाही त्याला त्यात काय आहे हे सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो.

दोर बुंध्यापासून वर निघतो, काही अंतर दिसतो आणि मग आभाळात विरघळतो. त्याच्या पुढं नुसती एक तपकिरी चौकट, ढगाखाली. झाडात आणि तिच्यात काही धागा आहे असं डोळ्यांना पटत नाही. फक्त बाभळीला पाठ लावली की कळतं. झाड श्वास घेतल्यासारखं हलत असतं. ते हलणं पाठीतून आत येतं. वरून घुमण्याचा आवाज येत राहतो. वारा वाढला की बारीक होतो, पडला की जाड होतो, आणि काही वेळानं तो आभाळातून येतोय की आपल्याच डोक्यातून, हे सांगता येत नाही. झोप लागत नाही आणि जागही राहत नाही. चंडोल वर वर जाऊन गात असतो, तो दिसत नाही. गवताची काडी गालाला लागते, ती बाजूला करायचं मनात येतं पण हात उचलत नाही. एकदा मला वाटलं की वावडी माळाला बांधलेली नाही, माळच वावडीला टांगलाय. अजून थोडा वारा वाढला की हे गवत, हे दगड, आम्ही दोघं, सगळं अलगद उचललं जाईल आणि खालच्या उसावरून सावकाश सरकत जाईल. मी हे तात्यांना सांगितलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, "व्हय. मला बी तसंच वाटतंय. पर बोलू नका, पडंल."

आयुष्यात मी जे काही मिळवलं ते तोंड चालवून मिळवलं. गप्प बसून जे मिळालं ते फक्त तिथंच.

मग खालच्या शेताला नवी पाइपलाइन आली. पाणी माळाच्या पायथ्याला पोहोचलं. त्या वर्षी बाभळीखाली पडल्या पडल्या तात्या म्हणाले, "दाजी, औंदा हे सपाट करून घ्यावं म्हणतो. डाळिंब लावीन. घ्यायला तर तुमी घरचंच हायसा."

मी उठून बसलो. सगळी दुपार मी त्यांच्याशी भांडलो. माल बघायला आलेल्या माणसाशी भांडतो तसाच भांडलो: आधी हसून, मग आवाज चढवून, मग उठून जायचं सोंग करून. जमीन त्यांची होती. माझा तिच्यावर काडीचा हक्क नव्हता, हे मलाही माहीत होतं. म्हणून हक्काचं बोललोच नाही. मी वर बघितलं आणि म्हणालो, "ती उद्या सूर्य उगवेपर्यंत दोरावर राहिली, तर माळ पुढच्या पंचमीपर्यंत असाच. पडली, तर मी तोंड उघडणार नाही."

तात्या बराच वेळ वर बघत राहिले. त्यांनाही ते आवडलं असावं. म्हणाले, "आन् दोर बांधल्यावर कुणी हात लावायचा न्हाय. ना तुमी, ना मी."

"कुणीच नाही," मी म्हणालो. आम्ही हातावर हात मारला.

वावडी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा हीच बोली, पुन्हा राहिली. दर पंचमीला तात्या म्हणायचे, "औंदा पडती बघा," आणि सकाळी वर येऊन ती दिसली की डोक्याचा टॉवेल झटकून म्हणायचे, "चला, खा तुमचा माळ अजून एक साल." एका वर्षी पहाटेच वारा गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा वावडीची खालची कड बाभळीच्या शेंड्याला टेकलेली होती आणि शेपटी फांद्यांत होती. टेकली म्हणजे पडली का, यावर तिथंच जुंपली. मी म्हणालो, पडणं म्हणजे भुईला लागणं. तात्या म्हणाले, झाडाला टेकली ती आभाळात कशी? सूर्य वर आला, तरी आमचं संपेना. तेवढ्यात वारा सुटला आणि ती आमच्यासमोर हळूच उठून वर गेली. तात्या बघत राहिले. म्हणाले, "आता तीच उठून गेली तर मी काय बोलू." असे होते ते. म्हणून मनाला आणखी लागतं.

आता या वर्षीचं.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी तात्या माळाला यायला तयारच नव्हते. गुडघा दुखतो म्हणाले. मी ओढूनच नेलं. माळाच्या कडेला चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या आणि ठिबकच्या नळ्यांची काळी वेटोळी गवतात रचलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"आणून ठिवलंय. हंगामात मिळत न्हाय."

"पडेल असं धरूनच आणलंय की."

"दाजी, कवातरी पडलंच न्हवं," ते म्हणाले. "जलमभर थोडीच ऱ्हाणार हाय."

मी रागानं मंगळसूत्र बांधायला घेतलं. राग असला की माझे हात नीट चालतात. त्या दिवशी वावडी फार सुंदर चढली, एक गिरकी नाही. वारा पश्चिमेचा, एकसारखा, कुणी हातानं धरून ठेवल्यासारखा. दोर मी नवा नेला होता, नायलॉनचा, मालाच्या गाड्या बांधतो तसला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून बघितला. "ह्यो न्हाय तुटायचा," ते म्हणाले. दोर त्यांनीच बुंध्याला बांधला. मग नेहमीसारखा बोलीचा हातावर हात मारून आम्ही आडवे झालो. घुमणं सुरू झालं. मला वाटलं, तात्याही दरवर्षीसारखे डोळे मिटून पडलेत. मान वळवून बघितलं तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते वर बघत नव्हते, चुन्याच्या रेघांकडं बघत होते.

तिन्हीसांजेला आम्ही उतरलो. घरी पुरणाचे दिंड उकडले होते. पंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत, भुईत कुदळ घालत नाहीत. विळी-कोयते आदल्या दिवशीच बाजूला ठेवतात. त्या दिवशी बाया देठसुद्धा हातानं मोडतात. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलोय. म्हणून पंचमीच्या दोराला कुणी पातं लावील असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सौद्यात मी सगळ्या बाजू बघतो, ही बाजू बघितली नाही. अंगणात जेवताना वरून बारीक घुमणं ऐकू येत होतं. बायको म्हणाली, "वरडतीया बघा तुमची." सगळे हसले. तात्याही हसले.

सकाळी उजाडताना मी एकटाच निघालो. तात्या मागून येतो म्हणाले. अर्ध्या चढावर मी थांबलो. वारा कालच्यासारखाच होता, गवत तसंच झुकत होतं, पण वर काही घुमत नव्हतं. आभाळ पार धुऊन काढल्यासारखं होतं. तरी मी सावकाश चढलो, कारण वर पोहोचेपर्यंत तरी ती आहे असं धरता येत होतं.

बाभळीला गाठ तशीच होती. गाठीपुढं हातभर दोर लोंबत होता. मी टोक हातात घेतलं. नायलॉनचा दोर ताणानं तुटला की त्याच्या केसासारख्या तारा पिंजारतात, प्रत्येक वेगळ्या लांबीची. गाड्या बांधताना असे दोर मी किती पाहिलेत. हे टोक साफ होतं, तिरकं, देठावरून डाळिंब कातरावं तसं.

तात्या धापा टाकत आले. "तुटला व्हय?" ते म्हणाले.

"कापलाय."

"वाऱ्यानं तुटलाय. दाजी, उगं कुणावर आळ घिऊ नका."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. हरणं होती, ती पळून गेली.

मग मी वावडी शोधायला गेलो. खाली उतरून घरची मोटारसायकल घेतली आणि वारा ज्या दिशेला जात होता त्या दिशेनं, वरकुटे गावाकडं निघालो. माणूस नाही, रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. एक माळ संपून दुसरा सुरू होत होता. मी गाडी बंद करून थांबायचो, ऐकायचो, पुन्हा निघायचो. राग कुठंतरी गळून पडला होता. नुसतं जात राहावंसं वाटत होतं. एका ठिकाणी थांबलो तेव्हा ऐकू आलं. अगदी बारीक, घरात विसरून राहिलेल्या माणसानं गुणगुणावं तसं. बोरीच्या जाळीवर ती उताणी पडली होती. कागद एका कोपऱ्यात फाटलेला, बाकी धड, आणि पिवळी पट्टी वाऱ्यावर घुमत होती. मी शेजारी बसलो. बराच वेळ बसलो. मग दोर गोळा करत गेलो तेव्हा दुसरं टोक हाती आलं. तेही साफ, तिरकं.

घरी आलो. तात्या अंगणात चहा पीत होते. मी दोन्ही टोकं बायकोच्या हातात ठेवली. तिनं ती एकमेकांना लावून बघितली.

"पंचमीच्या दिशी आपल्या घरात कोथमीर चिरत न्हाईत," ती म्हणाली. "आन् दोराला कोयता कोण लावंल?"

तिनं ते कुणाला विचारलं नव्हतं. पण तात्या म्हणाले, "पंचमी कुठली. तिथी तर काल दिवस बुडायच्या आदीच सरली. क्यालेंडरात बघ की."

 त्या घरात तिथी कधी लागते आणि कधी सरते हे कुणी बघत नाही. सण सकाळी सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी संपतो. दोर वाऱ्यानं तुटला असेल तर पंचमी कधी सरली हे शोधायची गरज कुणाला पडते? बाजारात एखादा न विचारता सांगतो की वजनकाट्याला त्यानं हात लावला नाही, तेव्हा मी पुढं काही विचारत नाही, माल उचलून निघतो. बायकोनं भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि कपबशा उचलून आत गेली. त्यानंतर ती या विषयावर एक शब्द बोललेली नाही. तिच्या माहेराचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात जाते. हेही तात्यांनीच केलंय.

जेसीबी आला तेव्हा मी आडवा गेलो नाही. वावडी खाली होती, आणि खाली असली तर तोंड उघडायचं नाही असं मीच बोललो होतो. काम संपल्यावर एकदा बघायला गेलो. दगड गोळा करून कडेला रचलेत. माती एकसारखी, मोजून काढलेले खड्डे, त्यात काठीला बांधलेली डाळिंबाची रोपं. बाभूळ नाही. वारा आहे, पण गवत नसल्यामुळं तो दिसत नाही. शर्टात शिरतो तेवढाच.

लोक मला सांगतात, जमीन त्यांची होती, त्यांनी काय करायचं ते केलं. बरोबर आहे. तात्यांनी मला समोर बसवून सांगितलं असतं की दाजी, औंदा बोली न्हाय, माळ मोडतोय, तर मी भांडलो असतो, हरलो असतो आणि रोपं लावायला स्वतः गेलो असतो. त्यांनी तसं सांगितलं नाही. माझ्या हातावर हात मारला, माझ्याशेजारी गवतात आडवे झाले, आणि मग पुन्हा चढ चढून गेले. गुडघा दुखत असताना गेले. तिथं उभं राहून त्यांनी ते घुमणं ऐकलं असेल. ऐकत असतानाच कापलं असेल. मला झोप लागत नाही ती या विचारानं.

तात्या, गौरींना मी बायकोला घेऊन कळंबला येतोय. माळाबद्दल मी एक अक्षर काढणार नाही, रोपांना नावं ठेवणार नाही. सगळे जेवायला बसले की मी एकच गोष्ट विचारणार आहे, आणि ती तुमच्या बहिणीसमोर विचारणार आहे. गुडघा, तिथी, वारा यांतलं काही मला सांगू नका. दोर कुणी कापला, त्या माणसानं उभं राहून सांगायचं. सांगितल्याशिवाय मी ताटावरून उठणार नाही, आणि तुम्हालाही उठू देणार नाही.